‘शॉर्ट सर्किट’ हे नशीब नव्हे!

वस्तीत आग लागली की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते. शॉर्ट सर्किटमुळे आग लागली, संसारोपयोगी साहित्य जळाले, सुदैवाने जीवितहानी झाली नाही, एवढाच तिचा मजकूर. पोलिसांच्या पंचनाम्यातही तेच दोन शब्द असतात. वकिली व्यवसायाच्या निमित्ताने असे कितीतरी पंचनामे आमच्या हाताखालून गेले आहेत. घर कोणाचे, नुकसान किती, पंच कोण, हे सारे त्यांत व्यवस्थित लिहिलेले असते. मात्र शॉर्ट सर्किट कशामुळे झाले, हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. जणू काही शॉर्ट सर्किट म्हणजे आभाळातून पडणारी वीज आहे! कारणाशिवाय काहीही घडत नाही, अशी शिकवण देणाऱ्या तथागतांचे आपण अनुयायी. आणि आपणही हे दोन शब्द वाचून गप्प बसतो, हे कशाचे द्योतक आहे?

दोन वर्षांपूर्वीचे एक प्रकरण सांगतो. सफाई खात्यातून निवृत्त झालेल्या एक मावशी. सत्तरच्या दशकात बांधलेल्या चाळीतली त्यांची खोली. भिंतीवर लाकडी पट्टी, तिच्यावर क्लिपा मारून नेलेली जुनी वायर. मुलाने इंडक्शन शेगडी आणली. ओळखीच्या एका मुलाने जुन्या बोर्डातून नवी तांब्याची वायर काढली, जुन्या वायरीला पीळ देऊन जोडली, वरून काळी टेप गुंडाळली. शेगडी पेटली, सगळे खूश झाले. पावसाळा आला तसा बोर्डाजवळ जळका वास येऊ लागला. आठवडाभर येत होता. मावशी म्हणाल्या, “वकीलसाहेब, आम्हाला वाटलं उंदीर मेलाय.” एका रात्री बोर्ड पेटला. बोर्डाखालच्या कपाटात जातीचा दाखला, पेन्शनचे कागद, नातीचे मार्कशीट होते. सारे गेले. श्रीमंताचे घर जळाले तर वस्तू जळतात. आपले घर जळाले तर आपले कागद जळतात, आणि ते परत मिळवायला वर्षानुवर्षे खिडक्यांसमोर उभे राहावे लागते.

आम्ही जळालेला बोर्ड कुठे आहे असे विचारले. तो भंगारात दिला होता. म्हणजे घरात असलेला एकमेव पुरावा किलोच्या भावाने गेला होता. पंचनाम्यात अर्थातच शॉर्ट सर्किट!

या प्रकरणाच्या मुळाशी अ‍ॅल्युमिनियम आहे. आपल्या आया-आज्या याच धातूच्या भांड्याला ‘जर्मन’चे पातेले म्हणत आल्या. तांब्याचा हंडा परवडला नाही म्हणून जर्मन घरात आले. वायरीच्या बाबतीत नेमके तेच झाले. देशात बॉक्साइट भरपूर, पण तांबे बव्हंशी परदेशातून आणावे लागे आणि त्यासाठी परकीय चलन मोजावे लागे. त्यामुळे साठच्या दशकापासून पोलवरच्या तारांप्रमाणे घरातल्या वायरिंगमध्येही अ‍ॅल्युमिनियम मोठ्या प्रमाणावर आले. चाळी, सरकारी क्वार्टर्स, कामगार वसाहती, सोसायट्या, सगळीकडे ते बसले. बंगल्यांतही बसले. फरक इतकाच की ज्याच्याकडे पैसा होता त्याने घराचे नूतनीकरण करताना ते काढून तांबे घातले. आपल्या अनेक जुन्या खोल्यांत ते अजून भिंतीत आहे. त्या काळी त्या वायरीवर दोन बल्ब, एक पंखा आणि एक रेडिओ चालायचा. आज तिच्यावरच फ्रीज, मिक्सर, इस्त्री, गिझर चालतात.

अ‍ॅल्युमिनियम हा वाईट धातू आहे, असे आमचे म्हणणे नाही. पोलवरून मीटरपर्यंत येणारी जाड सर्व्हिस वायर आजही बहुधा अ‍ॅल्युमिनियमचीच असते आणि नीट जोडली तर चांगले काम देते. तांब्याच्या मानाने त्यातून वीज सुमारे ६१ टक्केच सुलभतेने वाहते, म्हणून तेवढ्याच लोडला ती जाड घ्यावी लागते. तांब्याची अडीच चौरस मिलिमीटर लागत असेल तिथे अ‍ॅल्युमिनियमची चार. एवढे पाळले तर सरळ जाणाऱ्या वायरीत दोष नाही. दोष असतो जोडात.

या धातूच्या चार खोडी आहेत. एक, हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ, कडक थर चढतो आणि त्यातून वीज जात नाही. दोन, तो मऊ आहे. स्क्रूच्या दाबाखाली तो हळूहळू पसरतो आणि कालांतराने स्क्रू आपोआप सैल होतो. तीन, तापला की तो तांब्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश अधिक फुगतो आणि थंड झाला की तेवढाच आकसतो. दिवसातून चार वेळा इस्त्री लावली तर चार वेळा हा खेळ होतो. चार, तांब्याला थेट भिडवला आणि ओल लागली की तो झिजू लागतो. कोकणातली दमट हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा असल्यावर आणखी काय हवे?

आता थोडा हिशेब करू. २००० वॅटची शेगडी सुमारे ९ अँपिअर करंट घेते. जोड सैल होऊन तिथे फक्त अर्धा ओहम रोध तयार झाला, तर त्या एका ठिकाणी ४० वॅट उष्णता निर्माण होते. म्हणजे ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब लाकडी बोर्डाच्या आत बंद करून जळत ठेवल्यासारखे आहे. व्होल्टेजची घट होते जेमतेम साडेचार व्होल्टची, ती कोणाच्या लक्षातही येत नाही. आणि फ्यूज? एमसीबी? ते फक्त वायरीतून करंट किती जातो एवढेच मोजतात. ९ अँपिअर त्यांच्या दृष्टीने रीतसर आहे, म्हणून ते पडत नाहीत. करंट जमिनीकडे गळतो की नाही हे पाहणारे आरसीसीबी माणसाला धक्क्यापासून वाचवते, ते अवश्य बसवावे. पण तापणारा जोड त्यालाही दिसत नाही. जोड तापत राहतो, आवरण वितळते, उघड्या तारा एकमेकींना भिडतात, आणि तेव्हा कुठे शॉर्ट सर्किट होते. सांगायचे ते एवढेच की अशा आगीत शॉर्ट सर्किट हा शेवटचा अंक असतो. पंचनामा परिणामाला कारण म्हणून लिहून मोकळा होतो आणि खरे कारण भंगारवाल्याकडे जाते.

हे आमच्या कल्पनेतले नाही. अमेरिकेत तांबे महागले तेव्हा, साधारण १९६५ ते १९७३ या काळात, सुमारे २० लाख घरांत अ‍ॅल्युमिनियमचे वायरिंग झाले. काही वर्षांतच तक्रारी सुरू झाल्या. तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगासाठी झालेल्या पाहणीत असे आढळले की १९७२ पूर्वी तयार झालेली अ‍ॅल्युमिनियम वायर असलेल्या घरात एखादा तरी जोड आगीच्या धोक्याच्या स्थितीला पोहोचण्याची शक्यता तांब्याच्या घरापेक्षा ५५ पट आहे. आयोग सत्तरच्या दशकात कोर्टात गेला तेव्हा भिंतीत बसवलेली वायर ही ग्राहकाची वस्तू आहे की नाही यावरच वाद झाला! २८ मे १९७७ रोजी केंटकी राज्यातील साऊथगेट येथे बेव्हर्ली हिल्स सपर क्लबला आग लागून १६५ माणसे मेली. मृतांच्या नातेवाइकांनी अ‍ॅल्युमिनियम वायरिंगच्या उत्पादकांना कोर्टात खेचले. पहिल्या खटल्यात ते हरले. नंतर उघड झाले की एका ज्युरी सदस्याने स्वतःच्या घरातल्या वायरिंगची तपासणी करून त्यावरून मत बनवले होते. १९८२ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल रद्द करून पुन्हा खटला चालवायला सांगितले. मुद्दा असा की तेथील लोक ‘वायरिंग बिघडले’ या उत्तरावर थांबले नाहीत. वायर कोणी बनवली, जोड कसा होता, धोका कोणाला माहीत होता, हे त्यांनी विचारले. त्या काळात मिश्रधातू बदलला, अ‍ॅल्युमिनियमसाठी वेगळे स्विच आणि सॉकेट निघाले, जोडाच्या पद्धती ठरल्या. प्रश्न विचारल्याशिवाय यातले काही झाले नसते.

मग आपण काय करावे? पहिली गोष्ट, घरात कोणती वायर आहे ते माहीत करून घ्यावे. नव्वदच्या आधीचे वायरिंग असेल तर संशय धरावा. मेन स्विच बंद करून बोर्ड उघडल्यावर तार चंदेरी दिसली तर ती बहुधा अ‍ॅल्युमिनियमची. मात्र फार जुन्या रबरी वायरींत तांब्यावर कथलाचा मुलामा असे, तीही चंदेरीच दिसते. म्हणून कापलेले टोक पाहावे, आतून लालसर असेल तर तांबे. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

दुसरी गोष्ट, घर जी लक्षणे दाखवते ती ओळखावीत. बोर्ड हाताला कोमट लागतो. प्लगची पिन काढल्यावर गरम किंवा काळवंडलेली असते. सॉकेट पिवळे पडते. आतून चरचर आवाज येतो. इस्त्री लावली की दिवा मंद होतो किंवा फडफडतो. विचित्र जळका वास येतो. यापैकी काहीही दिसले तर त्या बोर्डाचा वापर त्याच क्षणी बंद करावा, मेन बंद करावा आणि वायरमनला बोलवावे. घरातल्या बायका दिवसभर या बोर्डांजवळ वावरतात, वास आणि आवाज त्यांनाच आधी कळतो. त्यांचे म्हणणे ‘तुला काय कळते’ म्हणून उडवून लावू नये.

तिसरी गोष्ट, जुन्या अ‍ॅल्युमिनियमवर मोठा लोड टाकू नये. करंट दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. गिझर, इंडक्शन, इस्त्री, एसी यांच्यासाठी मेन बोर्डापासून थेट, स्वतंत्र तांब्याची वायर अर्थिंगसह ओढून घ्यावी आणि तिला वेगळे एमसीबी लावावे. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घालणे किंवा मोठे एमसीबी बसवणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपेची गोळी देणे होय.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जोड. तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना पीळ देऊन कधीही जोडू नये, आणि टेप म्हणजे जोड नव्हे. बाजारातले बहुतेक स्विच-सॉकेट तांब्याच्या तारेसाठी बनवलेले असतात. त्यामुळे जुनी तार ठेवणे भागच असेल तर तिला तांब्याचा छोटा तुकडा जोडून तो सॉकेटमध्ये द्यावा. हा जोड दोन्ही धातूंसाठी असल्याचे ज्यावर लिहिले आहे अशाच कनेक्टरने किंवा दाबून बसवायच्या बायमेटल लगने करावा. साधी पितळी कनेक्टर पट्टी त्यासाठी चालत नाही. जळालेले टोक कापून टाकावे. आवरण सोलताना तारेला ब्लेडचा चरा पडू देऊ नये, चरा पडलेली अ‍ॅल्युमिनियमची तार दोनदा वाकवली की तुटते. ऑक्साइड रोखणारी पेस्ट लावून, तिच्यातच तार घासून मगच ती घट्ट करावी. जोड उघडून पाहता येईल अशा डबीत असावा, पाईपच्या किंवा पट्टीच्या आत दडवू नये. सैल स्क्रू नुसता आवळणे ही दुरुस्ती नव्हे. तो पुन्हा सैल होतो, आणि जोरात आवळला तर मऊ तार चेपते.

यावर कायमचा उपाय एकच, सगळे वायरिंग काढून तांब्याचे करणे. “साहेब, पैसा कुठून आणायचा?” हा प्रश्न आम्हाला ठाऊक आहे आणि तो खोटा नाही. पण सगळे एकदम करावे लागत नाही. आधी स्वयंपाकघर आणि मोरी, मग पॉवरचे पॉइंट, मग दिवे-पंखे असे टप्प्याने करता येते. लग्नात बँडवर आणि वाढदिवसाच्या केकवर जो खर्च आपण उधार काढून करतो, त्यातला थोडा भाग भिंतीत गेला तर बिघडणार नाही.

आता ज्यांच्या हातून हे काम होते त्यांच्याविषयी. वायरमन म्हणून काम करणारी कितीतरी पोरे आपल्याच वस्तीतली आहेत. आयटीआय करून, कुणी न करता, शिडीवर चढतात. “लाईट बंद करू नकोस रे, सीरियल चालू आहे” असे म्हणून आपणच त्यांना चालू लाईनवर हात घालायला लावतो. हे पाप आपले आहे. मेन बंद करणे, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवणे, टेस्टरवर न विसंबता लाईन खरोखर मेली आहे का हे दोनदा तपासणे, यात भित्रेपणा नाही, शहाणपण आहे. जो कारागीर मेन बंद केल्याशिवाय काम करत नाही, त्याला दोन पैसे जास्त द्यावेत. कायद्यानेही बल्ब, पंखा, स्विच, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडून वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदारामार्फत, परवाना असलेल्या तारतंत्र्याकडूनच करून घ्यावे लागते. परवान्याचा नंबर विचारावा, बिल घ्यावे, आणि काम झाल्यावर मेगरची चाचणी मागावी. ५०० व्होल्टच्या चाचणीत आवरणाचा रोध किमान एक मेगाओहम यायला हवा. मात्र मेगरला सैल जोड कळत नाही, तो डोळ्यांनीच पाहावा लागतो.

जबाबदारी कोणाची, हेही स्पष्ट असले पाहिजे. पोलपासून मीटरपर्यंतची वायर वीज कंपनीची. तिला आपण हात लावू नये. तक्रार १९१२ या क्रमांकावर करावी आणि लेखीही द्यावी, पोच घ्यावी. सहकारी सोसायटीत फ्लॅटच्या मेन स्विचपर्यंतची लाईन आदर्श उपविधींनुसार सोसायटीने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते, त्यापुढची सभासदाने. भाड्याच्या खोलीत जागा राहण्यालायक ठेवणे हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ नुसार मालकाचे कर्तव्य आहे. तो ऐकत नसेल तर किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरूला स्वतः दुरुस्ती करता येते आणि कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत तो खर्च भाड्यातून वळता करता येतो. तोंडी भांडण वाऱ्यावर जाते, कागद कोर्टात टिकतो.

आणि दुर्दैवाने आग लागलीच, कोणी भाजले किंवा दगावले, तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १६१ चा आधार घ्यावा. अशा अपघाताची खबर विद्युत निरीक्षकाला द्यावी लागते आणि त्याची चौकशी होऊ शकते. पोलीस ठाण्यात जबाब देताना ही चौकशी व्हावी असे लेखी मागावे. जळालेला बोर्ड, वायरीचे तुकडे, वितळलेले सॉकेट टाकून देऊ नये. फोटो काढावेत, वस्तू पंचनाम्यात जप्त करायला लावाव्यात. ‘शॉर्ट सर्किट’ असे लिहिले तर पुढे ‘कोणत्या ठिकाणी व कशामुळे’ असे लिहायला भाग पाडावे. नुकसानभरपाईचा दावा या चार शब्दांवर उभा राहतो किंवा पडतो.

शासनाकडे आमची मागणी साधी आहे. रमाई आवास योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना घरकुले मिळतात. शेवटचा हप्ता देण्याआधी घराची पाहणी करताना भिंती आणि छप्पर पाहाल तसे वायरिंगही पाहा. वायरीचा धातू, जाडी, अर्थिंग आणि चाचणीचा निकाल एका कागदावर लिहून घरमालकाच्या हातात द्या. जुन्या वसाहतींच्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात रंगाइतकेच वायरिंगलाही स्थान द्या.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये युद्धोत्तर वीज विकासावर बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा संबंध थेट देशाच्या दारिद्र्यनिर्मूलनाशी जोडला होता. ती वीज आज आपल्या घरात आली आहे. तिने घर उजळावे, जाळू नये, ही खबरदारी आता आपल्यावर आहे. दरवर्षी १४ एप्रिलला आपण विहाराच्या त्याच जुन्या बोर्डातून रोषणाई आणि डीजेचा लोड ओढतो. येत्या वर्षावासाआधी एक रविवार काढा. वस्तीतल्या परवानाधारक वायरमन पोरांना सन्मानाने बोलवा. आधी विहाराचा बोर्ड उघडा, मग म्हाताऱ्या-एकट्या माणसांच्या घरचे. आणि आपल्या घरात बोर्डाखाली कपाट असेल, तर निदान कागदांची पिशवी आजच तिथून हलवा.

जयभीम!